रात्रीची दारं सुटली: ५ एचपी सौर कृषिपंप, वर्षभर वापरल्यानंतर

आमच्या शेतात सौरपंप बसला त्याला गेल्या महिन्यात वर्ष झालं. अर्ज करण्याआधी मी मोबाइलवर खूप शोधलं होतं. जे सापडलं त्यात जाहिराती होत्या आणि पंप बसला त्याच दिवशी काढलेले व्हिडिओ होते. बसला त्या दिवशी तो चालतोच. मे महिन्यात कसा चालतो, आभाळ आल्यावर काय होतं, बिघडल्यावर कोण येतं, हे वर्ष गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत टिपत राहिले. ती वही समोर ठेवून हे लिहिते आहे.

आधी आमची शेती सांगते, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. जालना जिल्हा, घनसावंगी तालुका. साडेचार एकर काळी-मध्यम जमीन. त्यात दोन एकर मोसंबी, न्यूसेलर जातीची, २३० झाडं, २०१६ च्या पावसानंतर लावलेली. बाकीच्यात कपाशी, सोयाबीन, रब्बीला गहू आणि थोडा हरभरा. दावणीला दोन म्हशी.

पाण्याचं सांगायचं तर जुनी विहीर थोरल्या दिरांशी सामाईक. विजेचं कनेक्शन त्यांच्या नावावर, मोटर त्यांची. शेतीची थ्री फेज वीज पाळीने येते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. दिवसाची पाळी दादांची आणि रात्रीची आमची, असं सासऱ्यांच्या काळापासून ठरलेलं. त्यात दादांचा काही दोष नाही. मोटर ज्याची, दिवस त्याचा.

रात्रीची पाळी म्हणजे काय ते लिहून ठेवायला हवं, कारण या पंपाचं मोल मी त्यावरूनच ठरवते. जानेवारीत गव्हाला पाणी. लाइट रात्री साडेबाराला यायची. हे मोटर चालू करून यायचे, मी वाफ्यावर उभी. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं. एक दारं, म्हणजे वाफ्यात पाणी सोडायचं तोंड, मोडायचं, दुसरं धरायचं, पाणी वाफ्याच्या टोकाला पोचलं की पुन्हा तेच. पायात पाणी, अंगावर दव. काळ्या जमिनीत मण्यार दिसत नाही, म्हणून पाय टाकण्याआधी फावडं आपटायचं. पहाटे चारला लाइट गेली तर अर्धं रान कोरडं ठेवून परत यायचं आणि सहाला धारा काढायला बसायचं. सासूबाई आम्ही परत येईपर्यंत ओट्यावर जाग्या बसायच्या. अशी अकरा वर्षं गेली. मुलगी लहान असताना तिला त्यांच्याजवळ झोपवून जायचे, तर ती उठून माझी चप्पल आहे का ते बघायची.

२०२३ च्या उन्हाळ्यात मनरेगातून आमची स्वतःची विहीर झाली. तेव्हा अनुदान ४ लाखांचं होतं. ५५ फुटांवर पाणी लागलं. कनेक्शनसाठी कोटेशन भरलं, पण खांबांची लाइन लांबची होती आणि नंबर लागेना. मग डिझेल इंजिन. तासाला लिटरभर डिझेल जातं. २०२३-२४ च्या हंगामात इंजिन तीनशे तासांच्या आसपास चाललं आणि डिझेललाच अठ्ठावीस हजार रुपये गेले. तेल, दुरुस्ती आणि जाफराबादच्या मिस्त्रीची मजुरी वेगळी.

सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आणली. आमच्यासारख्या पैसे भरून वाट पाहणाऱ्यांनाही त्यात जागा होती. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असायलाच हवी. आमची राहिली होती, तलाठ्याकडे ती लावून घेण्यात तीन आठवडे गेले. तुम्ही अर्ज करणार असाल तर आज उठून सर्वांत आधी तेवढं बघा. पंपाची ताकद जमिनीवर ठरते. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५ एचपी, त्यापुढे साडेसात. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. बाकीचं केंद्राच्या कुसुम योजनेतून आणि राज्याकडून. आमच्या वाट्याला आली ती रक्कम साधारण एका हंगामाच्या डिझेलएवढी होती, म्हणून भरताना हात आखडला नाही.

पैसे भरले की पुरवठादार आपण निवडायचा. संकेतस्थळावर यादी येते, त्यातलं एक नाव दाबायचं. इथे मी चुकले. पॅनल कोणाचं चांगलं, मोटर कोणाची, एवढंच विचारत बसले. ज्याची माणसं तालुक्यात आहेत असा कोण, हे विचारलं नाही. त्याचं पुढे सांगते.

मग संयुक्त पाहणी झाली आणि मार्च २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात सामान आलं. ५४० वॅटची नऊ पॅनल, लोखंडी सांगाडा, पाण्यात सोडायची पाणबुडी मोटर, कंट्रोलरची पेटी, वीजरोधक आणि अर्थिंगचं सामान. तीन पोरं होती, दोन दिवस लागले. एकूण जागा पाव गुंठा.

जागेवरून पोरांशी माझा थोडा वाद झाला, तो सांगण्यासारखा आहे. विहिरीलगत कडुनिंब आहे. त्याच्या शेजारी सांगाडा उभारला तर केबल कमी लागते, म्हणून त्यांना तिथे हवा होता. मी आदल्या रविवारी दिवसभर काठ्या रोवून सावली कुठे सरकते ते बघून ठेवलं होतं. निंबाची सावली दुपारी तीननंतर बरोबर तिथे यायची. सगळी पॅनल माळेसारखी एकापुढे एक जोडलेली असतात. एकावर सावली पडली तरी सगळी माळ मंदावते. शेवटी साठ फूट लांब, बांधाच्या कडेला सांगाडा उभा राहिला. तुमच्याकडेही हे स्वतः बघा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो तेव्हा सावली लांबते, तेही धरा. आणि आंब्याचं रोप आज गुडघ्याएवढं असलं तरी पाच वर्षांनी किती होईल तेवढं अंतर सोडा, कारण पॅनल पंचवीस वर्षं राहायची आहेत.

आता पाणी किती निघतं ते. कंपनीच्या पत्रकावरचे आकडे मी बाजूला ठेवले. दोनशे लिटरचा ड्रम पाइपाखाली धरून किती सेकंदांत भरतो ते मोजलं. मार्चमध्ये, आभाळ निरभ्र असताना, सकाळी आठला मोटर आपोआप सुरू व्हायची, पण पाणी नुसतं गळायचं. नऊ वाजता ड्रम ७५ सेकंदांत भरला. साडेदहाला ४२. साडेबाराला ३१. तीनला ४५. साडेचारला दीड मिनिट. सव्वापाचला बंद. म्हणजे खरं जोराचं पाणी साडेदहा ते तीन, साडेचार तास. दुपारच्या भरात तासाला तेवीस हजार लिटरच्या आसपास.

मला वाटलं होतं मे महिन्यात ऊन जास्त म्हणून पाणीही जास्त येईल. आलं नाही. भर मेमध्ये, बारा वाजता, ड्रमला ३६ सेकंद लागले. एक कारण म्हणजे विहिरीतलं पाणी खाली गेलेलं, मोटरीला जास्त उंच उचलावं लागतं. दुसरं मला आमच्या भाच्याने समजावलं, तो आयटीआयला आहे. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको. पॅनल तापलं की वीज कमी होते. वर्षातला सर्वांत चांगला दिवस वहीत आहे तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला. विहीर काठोकाठ, हवा गार, ऊन कोवळं पण स्वच्छ. ड्रम २७ सेकंदांत.

आभाळ आलं की काय? पातळ ढग असले तर निम्म्यावर येतं. दाट आभाळात मोटर सुरू होते, थांबते, पुन्हा सुरू होते. त्या दिवशी ठिबकचा नाद सोडायचा.

ठिबकचं सविस्तर सांगते, कारण फळबागवाल्यांना इथेच अडचण येणार आहे. विजेच्या मोटरीवर दाब सारखा असतो. बटण दाबलं की पहिल्या झाडाला आणि शेवटच्या झाडाला सारखंच पाणी. सौरपंपावर दाब उन्हाबरोबर चढतो आणि उतरतो. पहिल्या महिन्यात मी सकाळी आठपासून ठिबक सोडून द्यायचे आणि खुशीत असायचे. एप्रिलच्या सुरुवातीला वरच्या टोकाची वीस-पंचवीस झाडं पानं वळवायला लागली. त्यांच्या नळीपर्यंत सकाळचं पाणी पोचतच नव्हतं, तर खालच्या झाडांच्या बुडाशी चिखल. मग बाग दोन व्हॉल्व्हवर तोडली. साडेदहापर्यंत पंपाचं पाणी ठिबकला द्यायचं नाही, ते म्हशींचा हौद आणि भाजीच्या वाफ्यांना. साडेदहा ते पाऊण वरची बाग, पाऊण ते तीन खालची. तीननंतर पुन्हा मोकळं पाणी, घासाला. फिल्टर मात्र भर दुपारीच उलटा धुवायचा, कमी दाबावर त्यातली घाण निघत नाही. हा क्रम बसल्यापासून बाग एकसारखी आहे. या वर्षी आंबे बहराचा ताण तोडताना, म्हणजे फुलोऱ्यासाठी बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू करताना, पहिलं पाणी हवं तसं, मोजून देता आलं. पूर्वी ताण तोडायच्या आठवड्यात लाइट रात्रीची आली की सगळं हुकायचं.

गव्हाचं वेगळं. रात्री पाणी द्यायचो तेव्हा वारा नसायचा. आता दिवसा द्यावं लागतं आणि फेब्रुवारीत दुपारी वारं सुटतं. गहू ओंबीवर असताना ओल्या रानात वारा शिरला की गहू लोळतो. यंदा सुरुवातीला दहा-बारा वाफे लोळले. तेव्हापासून पीक ओंबीवर आलं की सकाळी नऊ ते बाराच पाणी देते, कमी आलं तरी चालेल, एका दिवसाचं काम दोन दिवसांत. पाणी आहे, ऊन आहे, घाई करायचं कारण नाही. आणि मी हे दिवसाउजेडी करते. दारं मोडताना पायाखालचं दिसतं. मुलगी शाळेतून आली की बांधावर बसून अभ्यास करते. सासूबाई रात्री नऊला झोपतात. हे वहीत कोणत्या रकान्यात मांडायचं ते मला सुचलेलं नाही, पण या पंपाने दिलेलं सर्वांत मोठं हेच आहे.

आता दुरुस्तीचं. एप्रिल २०२५, पंप बसून पाच आठवडे झालेले. सकाळी कंट्रोलरच्या पेटीवर लाल दिवा आणि मोटर गप्प. पुरवठादाराच्या नंबरवर फोन केला. उद्या येतो. परवा येतो. मग फोन उचलेनात. बाहेर ४१-४२ अंश, झाडावर फळ बोराएवढं. मोसंबीला या दिवसांत पाण्याचा खंड पडला की गळ लागते, एकदा लागली की थांबवता येत नाही. सातव्या दिवशी दिरांनी त्यांच्या पाळीतले तीन तास दिले, आणि बंद पडलेलं इंजिन आम्ही पुन्हा धुऊन काढलं. त्यात अडतीस लिटर डिझेल गेलं. बाराव्या दिवशी मला कळलं की तक्रार महावितरणच्या संकेतस्थळावरही नोंदवता येते आणि तिचा नंबर मिळतो. तो नंबर पुरवठादाराला पाठवला, त्यानंतर हालचाल झाली. सतराव्या दिवशी पोरगा आला, पेटीतलं कार्ड बदललं, अर्ध्या तासात पंप सुरू. पैसे घेतले नाहीत, पाच वर्षं दुरुस्तीची हमी आहेच. पण सतरा दिवसांत जमिनीवर पडलेली फळं हमीत बसत नाहीत. त्या बहरात आमचा माल अंदाजे पाव हिश्शाने कमी झाला.

पुरवठादाराचं नाव लिहीत नाही, कारण त्याच कंपनीचा पंप असलेल्या परतूरच्या आमच्या पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी माणूस मिळाला. तिथे त्यांचा मिस्त्री राहायला आहे, आमच्याकडचा येतो तो दीडशे किलोमीटरवरून. म्हणून यादीतलं नाव दाबण्याआधी त्या कंपनीचा पंप असलेल्या जवळच्या तीन शेतकऱ्यांना फोन करा आणि एवढंच विचारा, बिघडला तेव्हा किती दिवसांनी आले. त्यांनी सांगितलेला आकडा हीच खरी हमी. आणि बसवल्याच्या दिवशी प्रत्येक पॅनलचा, मोटरचा आणि पेटीचा क्रमांक दिसेल असे फोटो काढून ठेवा. हमीला लागतात, विम्याला लागतात. माझ्याकडे मोटरचा फोटो नव्हता, पाण्यात सोडून झाल्यावर काढणार कुठून?

पॅनलची देखभाल म्हणावी तर धुणं. आमच्या शेताला लागून गाडीरस्ता आहे, कापूस वेचणीच्या दिवसांत धुळीचा थर बसतो. एकदा मुद्दाम तीन आठवडे न धुता मोजलं. दुपारच्या ड्रमला ३३ ऐवजी ४० सेकंद. आता दर आठवड्याला, सूर्य वर येण्याआधी, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नाही, तडकते. विहिरीचं पाणी क्षारांचं असेल तर शेवटी कोरडं पुसून घ्या, नाहीतर पांढरे डाग राहतात.

सप्टेंबर २०२५ मधला पाऊस मराठवाड्यात कोणी विसरणार नाही. आमचं सोयाबीन उभ्या पाण्यात गेलं, कपाशी पिवळी पडून बसली. विहीर तोंडाला लागली. सांगाडा मात्र हलला नाही, पाया त्यांनी खोल घेतला होता, त्याचं श्रेय त्या तिघा पोरांना. विजा पडत होत्या त्या रात्री मला पेटीची सारखी काळजी वाटत होती, पण सकाळी ऊन पडल्यावर मोटर सुरू झाली. पाणी गढूळ असल्याने आम्हीच आठ दिवस बंद ठेवली, गाळ ओढला तर मोटर जाते.

एवढं सगळं माझ्या पंपाचं झालं. पण हा पंप माझा एकटीचा नाही. राज्याने शेतीची वीज उन्हावर नेण्याची जी योजना आखली आहे, तिचा तो एक तुकडा आहे. म्हणून त्याबद्दलही लिहिते, कारण निर्णय घेताना तेही बघावं लागतं.

सरकारचे रस्ते दोन आहेत. एक आमच्यासारखा, विहिरीवर सुटा पंप. दुसरा मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. तिच्यात सबस्टेशनजवळ मोठा सौर प्रकल्प उभारतात आणि शेतीच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनवरून शेतांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीला, दिवसा तीच वीज देतात. ती योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, ३ मेगावॅटचा. सगळ्या राज्याचं लक्ष्य १६,००० मेगावॅटचं आहे. प्रकल्पाला जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दर वर्षी ३ टक्के वाढ. मुरमाड, काही न पिकणारी जमीन असेल तर हे भाडं चांगलंच आहे. या प्रकल्पांची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, शेतीला आजवर दिली जाणारी वीज त्याहून कितीतरी महाग. ही योजना मला हुशारीची वाटते ती याच कारणाने. पर्यावरणाचं भलं आणि तिजोरीचं भलं एकाच कामात होतं, म्हणून सरकार बदललं तरी ती टिकली.

माझ्या बहिणीच्या गावचा फीडर सौर झाला. तिला आठ तास, दिवसा, पूर्ण दाबाने वीज मिळते. ड्रम सकाळी आणि दुपारी सारखाच भरतो. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल एप्रिल २०२४ पासून माफ आहे, तेव्हा तिला खर्चही नाही. पॅनल धुवायचं नाही, पेटीची चिंता नाही. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळली तर मात्र तिला वाट बघावी लागते, मला नाही. म्हणून मला कोणी विचारलं तर मी असं सांगते: तुमच्याकडे कनेक्शन असेल आणि तुमच्या फीडरचं काम मंजूर असेल, तर सुट्या पंपाच्या मागे लागू नका. कनेक्शन नसेल, खांब लांब असतील, इंजिन चालवत असाल, तर विचार करत बसू नका, आजच अर्ज करा.

दोन गोष्टी मात्र मला खटकतात आणि त्या पंपाच्या नाहीत, आखणीच्या आहेत.

पहिली, वाया जाणारी वीज. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, चांगला पाऊस असेल तर, माझा पंप महिन्यातून चार-सहा दिवस चालतो. बाकी दिवस जवळपास पाच किलोवॅटची पॅनल नुसती ऊन खात उभी. त्या विजेवर माझी कडबा कुट्टी चालू शकते, पिठाची गिरणी चालू शकते. तसा कंट्रोलर असतो, केंद्राच्या नियमांत त्याला जागाही आहे, पण आम्हाला मिळालेल्या पेटीत ती सोय नाही. आज गावात असे एकतीस पंप आहेत. सगळ्यांची पावसाळ्यातली वीज मातीत जाते. पंप देतानाच ती पेटी दिली असती तर किती बाईमाणसांचं काम हलकं झालं असतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ती पाण्याची. डिझेल होतं तेव्हा प्रत्येक तासाला लिटरभर पैसे जात होते, म्हणून हात आपोआप आवरायचा. वीज होती तेव्हा वेळेचं बंधन होतं. आता ऊन फुकट आणि बटण माझ्या हातात. मागच्या उन्हाळ्यात पंप दुरुस्त झाल्यावर मी अधाशासारखी दिवसभर पाणी उपसत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता मोटर थांबली. बिघाड नव्हता, विहिरीला पाणीच नव्हतं. पेटीने कोरडी चालू नये म्हणून मोटर बंद केली होती.

२०१२-१३ चा दुष्काळ आमच्या घराने बघितला आहे. सासऱ्यांची अडीचशे मोसंबीची झाडं होती. टँकरने पाणी घातलं, मग टँकरही परवडेना. एप्रिलमध्ये त्यांनी स्वतः कुऱ्हाड लावली आणि लाकूड सरपणाला विकलं. जिल्ह्यात त्या वर्षी अशी बागांमागून बागा गेल्या. त्यानंतर त्या रानात ते फारसे गेले नाहीत. त्यामुळे विहीर कोरडी दिसली की माझ्या पोटात गोळा येतो.

आमचं गाव पोकरा प्रकल्पात होतं. मुख्यतः मराठवाडा आणि विदर्भातली अशी सुमारे पाच हजार गावं त्यात होती, बदलत्या हवामानात शेती टिकावी म्हणून. त्यात गावाच्या पाण्याचा जमाखर्च मांडायला शिकवलं. पाऊस किती पडला, किती मुरला, पिकं किती पिणार. दिवाळीनंतर ग्रामपंचायतीत तो मांडायचो आणि त्यावरून गहू किती पेरायचा ते ठरवायचो. पाळणारे पाळायचे. आमच्याच जिल्ह्यातल्या कडवंची गावाने पाणलोटाची कामं आधी केली, शेततळी केली, मग द्राक्षं वाढवली. क्रम तो आहे. आज पंप एका खिडकीवर मिळतो आणि पाण्याचा ताळेबंद दुसऱ्या. पंप मंजूर करताना कोणी मला विचारलं नाही की तुझ्या विहिरीची उन्हाळ्यातली आवक किती. सरकार पंपांची संख्या मोजतं, ती वेगाने वाढते आहे आणि मला त्याचा आनंदच आहे. पण प्रत्येक पंपामागे ठिबक आहे का आणि गावाचा ताळेबंद मांडला आहे का, हेही त्याच अर्जात यायला हवं. अर्ज तपासणाऱ्याला ते एका रकान्याचं काम आहे.

तोवर आम्ही आमच्यापुरतं ठरवलं आहे. दिरांची विहीर आणि आमची विहीर एकाच झऱ्यावर आहेत, अंतर चारशे फूट. मार्च ते जून दोघांनीही दुपारी तीननंतर उपसा करायचा नाही, विहिरीला रात्रभर भरू द्यायचं. दोन्ही विहिरींत रंगाने फुटांच्या खुणा केल्या आहेत आणि सोमवारी सकाळी मी आकडा वहीत लिहिते. या वर्षी १३ एप्रिलला २१ फूट पाणी आहे. गेल्या वर्षी त्याच सुमाराला ११ होतं, पण यंदा गेल्या पावसाची साठवण आहे, त्यामुळे नियमाचा उपयोग किती ते मी एवढ्यात सांगणार नाही.

गुण द्यायचे तर पंपाला पाचपैकी साडेचार, अर्धा ढगांसाठी कापला. आमच्या वाट्याला आलेल्या दुरुस्तीला दोन. योजनेला चार, पाण्याचा रकाना आला की पाच देईन.

कोणी आपल्या सौरपंपाच्या पेटीवर कडबा कुट्टी किंवा गिरणी जोडली असेल तर कंट्रोलर कोणता घेतला, खर्च किती आला आणि त्याने पंपाची हमी जाते का, तेवढं खाली लिहा. जूनच्या आत मला ते करायचं आहे.